परसातील औषधी : नाव एक, वनस्पती दोन

अंगणात, परसात अथवा गच्चीवरील चार कुंड्यांत नित्योपयोगी औषधी वनस्पती असाव्यात, ही इच्छा पुष्कळ कुटुंबांत असते. आमच्या वाचकांपैकी जे महाराष्ट्राबाहेर राहतात, त्यांना मात्र लागवडीपूर्वीच एक अडचण भेडसावते. आजीने सांगितलेले रोप परप्रांतातील रोपवाटिकेत मागावयाचे कोणत्या नावाने?

पुष्कळदा केवळ नाव पालटते, वनस्पती तीच राहते. आपला अडुळसा हिंदीत अडूसा, तर तमिळमध्ये आडातोडै होतो. पानओव्याला कन्नडमध्ये दोड्डपत्रे आणि तमिळमध्ये कर्पूरवल्ली म्हणतात. येथे घोटाळा होण्याचे कारण नाही. खरा घोटाळा होतो तो नाव एक आणि वनस्पती दोन असतात तेव्हा. ब्राह्मीचेच पाहा. काही ठिकाणी ब्राह्मी म्हणून जाडसर, लहान व लांबट पानांची जलब्राह्मी मिळते. तर काही ठिकाणी वाटोळ्या, दातेरी कडांच्या पानांची, जमिनीवर पसरणारी मंडूकपर्णी मिळते. या दोहोंची कुळेदेखील भिन्न आहेत.

गुळवेलीच्या बाबतीत हा घोटाळा प्रकृतीवर बेतू शकतो. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे घेतले गेले. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी असे सेवन करणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतविकाराची माहिती प्रसिद्ध केली. पुढे आयुष मंत्रालयाने खुलासा केला, की औषधासाठी टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच जात वापरावी; तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक ठरू शकते. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाकृती, खोड हिरवट आणि पिकलेले फळ तांबडे असते. दुसरीचे खोड करडे व गाठीगाठींचे असून त्यातून दुधासारखा चीक येतो. तथापि जून गुळवेलीच्या सालीवरही बारीक पुटकुळ्या दिसतात. म्हणून केवळ खोड पाहून निर्णय करू नये. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस फांदी दाखवावी. शिवाय ओळख पटली तरी वैद्यांच्या सल्ल्यावाचून ती रोज घेणे इष्ट नव्हे.

नवशिक्यांनी आरंभ करावा तो ओळखीस सोप्या अशा रोपांनी : तुळस, गवती चहा, पानओवा आणि कोरफड. तळाला भोक असलेली आठ ते दहा इंची कुंडी घ्यावी व भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. तुळस बियांपासून येते; मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या म्हणजे पाला भरघोस फुटतो. गवती चहाच्या जुन्या बेटातील मुळांसह एक फुटवा पुरेसा होतो. पानओव्याची चार-पाच इंचांची फांदी पावसाळ्यात सहज मूळ धरते. कोरफडीची बगलेतील पिल्ले वेगळी करून लावावीत आणि तिला पाणी बेताचेच घालावे. या सर्वांना रोज काही तास तरी ऊन मिळावे. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत पानओव्याची व गवती चहाची कुंडी रात्री ओसरीत घ्यावी.

वापरातही तारतम्य हवे. कोरफडीचे पान कापताच जो पिवळा चीक गळतो, तो तीव्र रेचक असतो. तो निथळू द्यावा व गर धुऊन घ्यावा. अडुळसा खोकल्यावर प्रसिद्ध असला तरी गर्भवती स्त्रियांनी तो घेऊ नये. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी, विशेषतः औषधी रोपांच्या रांगेत, ती लावू नये.

प्रत्येक कुंडीवर मराठी, स्थानिक आणि शास्त्रीय अशी तिन्ही नावे लिहिलेली पाटी अवश्य लावावी. घरी येणाऱ्या सुनेला, शेजारणीला वा मदतनिसाला ती उपयोगी पडेल. ज्या रोपाची ओळख निश्चित नाही, ते शोभेसाठी खुशाल राहू द्यावे. त्याचे पान मात्र काढ्याच्या भांड्यात पडता कामा नये.