वजनवाढीचा हिशेब कोणी ठेवायचा?

कोणतीही वस्तू पुढच्या पिढीत अधिक मोठी, अधिक जड आणि अधिक शक्तिमान व्हायचीच, ही समजूत आधुनिक उद्योगात इतकी रुजली आहे की तिला जवळजवळ निसर्गनियमाची प्रतिष्ठा लाभली आहे. मोटारींच्या बाबतीत तर ती विशेषच दृढ आहे. जपानच्या निस्सान कंपनीने १९६९ साली बाजारात आणलेल्या फेअरलेडी झेड या क्रीडा-मोटारीचे वजन एक टनाच्या आसपास होते आणि रुंदी १,६३० मिलिमीटर. त्याच परंपरेतील २०२२ सालची मोटार दीड टनाहून अधिक जड आणि १,८४५ मिलिमीटर रुंद आहे. आसने तेव्हाही दोन होती, आजही दोनच आहेत; वाढले ते त्या दोन माणसांभोवतीचे ओझे. ही वाढ खरोखरच अटळ होती काय, हा प्रश्न केवळ हौशी मोटारचालकांचा नाही. वजन वाढले की ते हलवण्यासाठी अधिक इंधन लागते, ते थांबवण्यासाठी अधिक अंतर वा अधिक मोठे ब्रेक लागतात आणि धडक बसली तर समोरच्याला अधिक आघात सोसावा लागतो. या साऱ्याची किंमत एकटा खरेदीदार देत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयुक्त असे उदाहरण जपानमध्येच उपलब्ध आहे. हिरोशिमा येथील माझ्दा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची लहानशी मोटार सादर केली. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या मोटारीची लांबी ३,९७० मिलिमीटर, रुंदी १,६७५ मिलिमीटर आणि जपानमधील वजन सुमारे ९४० किलो होते. स्वार आणि घोडा एकरूप व्हावेत ही जपानी कल्पना तिच्या रचनेमागे होती. घोडा हलका असल्याखेरीज ती साधणार नव्हती. इंजिन १,६०० सी.सी.चे, म्हणजे बेताचेच होते. तरीही या मोटारीने बाजारपेठ जिंकली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये तिच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

मात्र वजनवाढीच्या प्रवाहापासून तीही अलिप्त राहिली नाही. १९९८ सालच्या दुसऱ्या पिढीचे वजन एक टनाच्या घरात गेले. २००५ साली आलेल्या तिसऱ्या पिढीची लांबी ३,९९५ आणि रुंदी १,७२० मिलिमीटर झाली, इंजिन २,००० सी.सी.चे झाले आणि वजन सुमारे १,१०० किलोंवर पोहोचले. या पिढीच्या अभियंत्यांनी वजनाकडे दुर्लक्ष केले होते असेही नाही. एकेका सुट्या भागातून ग्रॅम-ग्रॅम वजन कमी करण्याचा त्यांचा खटाटोप प्रसिद्धच आहे. पण मोठे इंजिन आणि आरएक्स-८ या अधिक मोठ्या मोटारीशी असलेले रचनेचे नाते आधीच ठरलेले असताना, ग्रॅमची काटकसर कितीशी पुरी पडणार? महिन्याचे घरभाडे दुप्पट झाल्यावर चहा-साखरेत बचत करून अंदाजपत्रक जुळवण्याचाच तो प्रकार होता.

वजनवाढीचे मर्म येथेच आहे. ती कोणाही एकाच्या उधळेपणातून होत नाही. सुरक्षा पाहणारा विभाग दारांत बळकट तुळया मागतो, विक्री पाहणारा विभाग सुखसोयी मागतो, निर्यात पाहणारा विभाग मोठे इंजिन मागतो. यांपैकी प्रत्येक मागणी स्वतंत्रपणे वाजवीच असते. परंतु बेरीज पाहणारा कोणी नसतो. शिवाय हे ओझे चक्रवाढ व्याजाने वाढते. सांगाडा जड झाला की ब्रेक मोठे हवेत, ब्रेक मोठे झाले की चाके मोठी हवीत, या सर्वांना ओढण्यासाठी इंजिन मोठे हवे आणि त्या इंजिनाला पेलण्यासाठी सांगाडा पुन्हा अधिक भक्कम हवा. सरकारी खर्चाच्या अंदाजपत्रकाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना ही प्रक्रिया नवीन वाटू नये.

चौथ्या पिढीने हे चक्र उलटे फिरवता येते हे दाखवून दिले. २०१५ साली नोबुहिरो यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या या मोटारीची लांबी ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे पहिल्या पिढीपेक्षाही ५५ मिलिमीटरने कमी होती. जपानमधील १,५०० सी.सी.च्या मूळ आवृत्तीचे वजन ९९० किलो होते. इंजिन लहान केले, अ‍ॅल्युमिनियमचा वापर वाढवला. आणि एकंदर वजन घटल्यामुळे प्रत्येक चाक धरून ठेवणाऱ्या नटांची संख्याही पाचावरून चारावर आणता आली. हा शेवटचा तपशील किरकोळ दिसला तरी अर्थपूर्ण आहे. वजनवाढ जशी चक्रवाढ असते, तशी वजनघटही चक्रवाढ असते. पुढे २०२१ साली कंपनीने या मोटारीची एक आवृत्ती ‘९९०एस’ या नावाने काढली. अश्वशक्तीऐवजी वजनाचा आकडा नावात मिरवावा, ही मोटार-उद्योगात दुर्मीळच गोष्ट म्हटली पाहिजे.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, सुरक्षिततेच्या नियमांमुळे वजन वाढणे भागच आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. एमएक्स-५ ची रुंदी चौथ्या पिढीतही कमी झाली नाही. ती १,७३५ मिलिमीटर झाली. पहिल्या पिढीच्या तुलनेत सुमारे ५० किलोंची वाढही शिल्लक राहिलीच, आणि परदेशी विकल्या गेलेल्या २,००० सी.सी.च्या आवृत्तीचे वजन एक टनाहून जास्त होते. परंतु २०१५ सालचे सुरक्षा-नियम २००५ पेक्षा सैल नव्हते. तरीही वजन उतरले. तेव्हा नियमांच्या नावावर जे वजन मांडले जाते, त्याचा बराच भाग नियमांचा नसून निवडीचा असतो, हे मान्य करावयास हवे. शिवाय जड मोटारीने मिळणारी सुरक्षितता काही अंशी दुसऱ्याच्या खर्चाने मिळते. नाटकगृहात पुढच्या रांगेतील प्रेक्षक उभे राहिले की मागच्यांनाही उभे राहावे लागते. अखेर कोणालाच अधिक चांगले दिसत नाही, मात्र पाय सर्वांचेच दुखतात.

अशा वेळी कररचनेचे महत्त्व लक्षात येते. जपानमध्ये लहान मोटारींच्या वर्गासाठी लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर आणि इंजिन २,००० सी.सी. अशी कमाल मर्यादा आहे. १९८९ पर्यंत ती ओलांडणाऱ्या मोटारीवर वार्षिक कराचा बोजा एकदम वाढत असे. त्या वर्षीच्या करसुधारणेनंतर वार्षिक कर केवळ इंजिनाच्या आकारमानावर ठरू लागला आणि रुंदीवरचे कुंपण निघाले. एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्या १.७ मीटरच्या आत राहिल्या, तिसरी बाहेर पडली. मात्र १९७१ पासून तेथे वजनावरही स्वतंत्र कर आहे आणि तो अर्ध्या टनाच्या टप्प्यांनी वाढतो. ९९० आणि १,०१० किलो यांत वीस किलोंचाच फरक असला, तरी त्या देशात त्याला रुपया-पैशासारखा अर्थ आहे.

भारतात लहान मोटार ठरवताना मुख्यतः लांबी आणि इंजिन यांचाच विचार होतो. २००६ सालच्या अर्थसंकल्पाने चार मीटरांपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल मोटारींना अबकारी करात सवलत दिली. २०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हाही १८ टक्के आणि ४० टक्के यांतील सीमारेषा याच मोजमापावर आखली गेली. एमएक्स-५ च्या चारही पिढ्या बाजारात आल्या तेव्हा चार मीटरांच्या आतच होत्या. म्हणजे ९४० किलो आणि १,१०० किलो यांतील अंतर लांबीच्या पट्टीला दिसलेच नसते. जे मोजले जात नाही ते वाढते. त्यामुळे आपल्याकडे मोटारी चार मीटरांच्या आत राहूनही उंच आणि जड होत गेल्या, यात नवल नाही. त्यातच २०१७ पासून लागू झालेल्या इंधन-कार्यक्षमतेच्या निकषांत मोटारींचे सरासरी वजन अधिक असेल तर उत्सर्जनाची मर्यादाही सैल होते. एका हाताने लहानपणाला सवलत द्यायची आणि दुसऱ्या हाताने जडपणाला, अशी ही विसंगती आहे.

विजेच्या मोटारींमुळे हा प्रश्न अधिकच तीव्र होणार, कारण बॅटरी हीच मुळात जड वस्तू आहे. तेव्हा वजन हे करआकारणीचे व निकषांचे एक स्पष्ट मोजमाप मानले जाणे अगत्याचे आहे. हिरोशिमाच्या अभियंत्यांनी काही चमत्कार केला नाही. त्यांनी बेरजेला आधी मर्यादा घातली आणि मग प्रत्येक मागणीला त्या मर्यादेत जागा शोधायला लावले. हीच शिस्त उद्योगाने आपखुशीने पाळावी अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. ती नियमांत उतरवणे हे शासनाचे काम आहे.