पावशेरातले साठ मासे

उजनी जलाशयातली मासेमारी ज्यांच्या ज्यांच्या सहीने चालते, त्या सर्वांस,



मागच्या महिन्यात भिगवणच्या अलीकडे रस्त्याकडेला एक मावशी पाटीत बारीक मासळी घेऊन बसल्या होत्या. पावशेर घेतली. घरी परातीत ओतली आणि का कोण जाणे, मोजायला बसलो. साठपर्यंत मोजली, मग नाद सोडला. बहुतेक चिलापीची पिल्लं. पाठीचे काटे बोटाला टोचले तेव्हाच ओळख पटली. पण त्यांच्यात मोठ्या डोक्याची, तोंड आभाळाकडे वळलेली सात-आठ निघाली. कटला. करंगळीएवढा. दोन पावसाळे पाण्यात राहिला असता तर एकेकाला उचलायला दोन हात लागले असते.

मावशींना बोल लावत नाही. ही मासळी वडापाची. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाचं लांब जाळं उथळ पाण्यात वळसा घालून टाकायचं आणि काठाकडे ओढत आणायचं. त्यातून पाणी तेवढं निसटतं. सरकारी कागदात ज्याला बोटुकली म्हणतात ती एका बाजूनं मोजून पाण्यात सोडायची आणि दुसऱ्या बाजूनं अशी पाटीनं उचलायची, हा व्यवहार कुठल्या हिशेबात बसतो ते मला आजवर कळलेलं नाही.

मी धरणग्रस्ताचा मुलगा. १९८० साली धरण पुरं झालं, आमचं रान पाण्याखाली गेलं आणि वडिलांनी औत सोडून जाळं हातात घेतलं. घरात कुणी कधी मासे धरले नव्हते. भोयांच्या होडीत बसून ते शिकले. आज धाकटा भाऊ तेच करतो. म्हणजे पाण्यानं आमचं नेलं तसं दिलंही, तेव्हा मासेमारी बंद करा असं मी म्हणणार नाही.

भावाशी मात्र माझी यावरून कायम खडाजंगी होते. मी म्हणतो, लहान मासा धरायला बंदी हवी. तो म्हणतो, कुठला लहान मासा? आणि त्याचं खरं आहे. चिलापीची मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, साचल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा विते. दाटी झाली की तिची वाढ खुंटते आणि तळहाताएवढी असतानाच ती पुन्हा पिलावळ काढते. तिला जपलं तर उजनी तळहाताएवढ्या चिलापीनंच भरेल. कटला, रोहू, मृगळ यांची गोष्ट उलटी. त्यांना विणीला वाहतं, चढतं पाणी लागतं. पावसाळ्यात वरच्या नदीत जे काही होतं ते, आणि तुम्ही सोडता ते बीज, एवढ्यावर त्यांचा वंश चालतो. एकाला मारायला हवं, दुसऱ्याला वाढू द्यायला हवं, आणि वडाप दोघांना एकाच पाटीत घालतं.

माझा भाचा अमेरिकेत डॅलसला असतो. तिथल्या तळ्यांत क्रॅपी नावाचा चपटा मासा गळाला लागतो. टेक्सासमध्ये माणशी दिवसाला २५ आणि मासा किमान १० इंचाचा, असा सर्वसाधारण नियम. पण लेक फोर्क नावाच्या तळ्यावर १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर हा नियम उलटा होतो: लांबीची अट नाही, आणि लागलेला प्रत्येक क्रॅपी घरी न्यायचाच, २५ झाले की गळ गुंडाळायचा. कारण थंडीत तो खोल पाण्यात असतो. एकदम वर ओढला की आतल्या हवेनं फुगतो आणि परत सोडला तरी बहुधा मरतो. लहान म्हणून सोडून दिला तर फुकट जायचा. मला त्यांचा आकडा नको, ती नजर हवी: तळं कोणतं, मासा कोणता, ऋतू कोणता, हे पाहून केलेला नियम.

आपल्याकडे हे जमत नाही असं नाही. २०२३ साली राज्यानं समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांना किमान लांबी ठरवून दिली. पापलेटला फूटपट्टी लावता, मग कटल्याला का नको?

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा. आम्ही उणे टक्क्यांत मोजतो ते हेच पाणी, आणि मासा शेवटी त्याच पाण्यावर जगतो. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ६० टक्क्यांच्या घरात गेली. अशा वेळी पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, फोटो काढायला गर्दी होते, आणि जाळी भरून येतात. मासळी वाढली असं बोलतात. ती वाढलेली नसते, कोंडलेली असते. त्या दोन महिन्यांतच सगळ्यात जास्त आवर हवा, तर तेव्हाच सगळ्यात जास्त ओढ चालते. पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून येऊन त्याच डबक्यात थांबतं. त्यावर इतकं लिहून झालंय की मी पुन्हा शाई घालवत नाही.

मागणं फार नाही. वडाप पाण्यात शोधायला जाऊ नका. रात्री होड्या घेऊन कोण कुणामागे धावणार? ते लिलावाच्या काट्यावर पकडा. कटला, रोहू, मृगळ यांना किमान लांबी ठरवा आणि त्याहून लहान मासा ज्याच्या काट्यावर दिसेल त्या आडतदाराला दंड करा, होडीवाल्याला नंतर. चिलापीला मर्यादा नको, पण ती मोठ्या आसाच्या जाळ्यानंच धरायची. बीज सोडाल ते जिऱ्याएवढं नको, चांगलं बोटभर वाढलेलं सोडा. आणि पहिला पूर येतो तेव्हा वरून नदी जिथं जलाशयाला मिळते तिथली जाळी तेवढे दिवस उचलायला लावा.

भावाला हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता. आमच्याच पडवीत एक बारीक आसाचं जाळं टांगलेलं आहे, हे मी लिहिलं नव्हतं, लिही म्हणाला. नियम झाला की ते पहिलं न्या, त्याची हरकत नाही. फक्त मोठ्या आसाचं जाळं घ्यायला पैसे कुठून आणायचे, आणि ते येईपर्यंतचे दिवस कसे काढायचे, एवढं विचारून ठेव म्हणाला.

आपला,
उजनीकाठचा एक धरणग्रस्त