शाळा उघडल्यावर घरचा कुत्रा

उन्हाळ्याची सुटी संपून जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे घरोघर लगबग सुरू होते. नवीं पुस्तकें येतात, दप्तरें भरलीं जातात. पण ह्या गडबडींत सुटीभर मुलांच्या पायांत घोटाळणारा कुत्रा एके दिवशीं रिकाम्या घरांत एकटाच राहतो. मग तो दार ओरबाडतो, विव्हळतो, जोडे कुरतडतो, क्वचित् घर घाण करतो. सायंकाळीं परत आलेली मंडळी तो पसारा पाहून छडी उचलते. आमच्या मतें ही शिक्षा निव्वळ अन्यायाची होय.

कुत्रा हा सोबतीवांचून न राहणारा प्राणी, आणि दिनक्रम हेंच त्याचें घड्याळ. तें अकस्मात् बंद पडलें कीं त्याच्या मनांत भय शिरतें. माणसें बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासांतच बहुधा हा आकांत अधिक असतो. इ. स. २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें घरें महिनोन् महिने माणसांनीं भरलेलीं होतीं. त्या काळांत पाळलेल्या कित्येक पिलांना एकटेपणा ठाऊकच नव्हता. पुढें शाळा व कचेऱ्या उघडल्या तेव्हां त्यांना तो एकाएकीं भोगावा लागला.

“पण आम्हांस पाहतांच तो मान खालीं घालतो, तो अपराध कळल्यावांचून का?” असें कोणी विचारील. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ ह्या विदुषीनें इ. स. २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, धनी रागावला म्हणजे कुत्रा ती दीन मुद्रा अधिक करतो, मग त्यानें अपराध केलेला असो वा नसो. सकाळच्या कृत्याचा आणि सायंकाळच्या माराचा संबंध त्याला जुळवतां येत नाहीं. धनी परत येणें म्हणजे मार, एवढेंच तो शिकतो, आणि त्याचें भय दुणावतें.

खरा उपाय पूर्वतयारींत आहे. ती शाळा उघडण्यापूर्वीं निदान दोन आठवडे तरी सुरू व्हावी. कुत्र्याच्या जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा हळूहळू शाळेच्या वेळेशीं जुळवाव्या. दप्तर पाठीस लावावें, किल्ली वाजवावी, आणि पुन्हा घरांतच बसावें; म्हणजे ह्या खुणांची धास्ती ओसरते. मग क्षणभर बाहेर जाऊन परत यावें. तो शांत राहिल्यास दोन मिनिटें, पुढें पांच, दहा, असा काळ वाढवावा. तो घाबरल्यास एक पायरी मागें यावें. जातांना निरोपाचा सोहळा नको, येतांना गलबला नको. पोकळ रबरी खेळण्यांत भात घट्ट भरून दिल्यास तो चाटण्यांत त्याचा पहिला कठीण काळ निघून जातो. इतकें करूनहि तो अन्न टाकूं लागला किंवा स्वतःस इजा करूं लागला, तर पशुवैद्यास दाखवावें. ह्यावर औषधेंहि आहेत.

हें काम आईवडिलांवर ढकलूं नये. ज्या मुलानें सुटीभर त्याला लळा लावला, त्याचेंच तें कर्तव्य होय. मागें आलेल्या श्वानाला टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास धर्मराजानें नकार दिला, अशी महाभारतांत कथा आहे. आपणांस स्वर्ग सोडावयाचा नाहीं. सुटींतील रोजचीं पंधरा मिनिटें तेवढीं द्यावयाचीं आहेत.