शिकवणाऱ्या कंत्राटदाराचीही परीक्षा घ्या

चेन्नई शहराच्या दक्षिण टोकाला पेरुंगुडी नावाचे गाव आहे. २०११ साली ते चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. एका बाजूला पल्लीकरणईची दलदल आणि महापालिकेचा प्रचंड कचरा डेपो, दुसऱ्या बाजूला राजीव गांधी सलाई हा रस्ता आणि त्याच्या कडेने उभ्या असलेल्या संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती. याच पेरुंगुडीत रेल्वेचे स्थानक आहे, वेलाचेरीकडे जाणाऱ्या उन्नत मार्गावरचे, २००७ साली सुरू झालेले. आणि ६०००९६ हा पिनकोड सांभाळणारे टपाल कार्यालयही आहे. म्हणजे जिथे सरकारी खात्यांच्या हिशेबाची यंत्रणा संगणकावर लिहिली जाते तो पट्टा, आणि ज्यांना ती यंत्रणा खिडकीवर बसून चालवायची आहे ते आपले कामगार, यांच्यामध्ये हाकेचे अंतर आहे. तरीही या दोघांची गाठ पडत नाही. मधे उभा असतो तो प्रशिक्षणाचा कंत्राटदार. आज आम्हाला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

चेन्नई आणि टपाल खात्याची आधुनिक बँकिंग यंत्रणा यांचा संबंध जुना आहे. टपाल खात्याचे पहिले एटीएम चेन्नईच्या त्यागराय नगर मुख्य टपाल कार्यालयात २७ फेब्रुवारी २०१४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांच्या हस्ते सुरू झाले. त्याआधी २०१२ साली बचत बँक आणि विमा यांच्या संगणकीकरणाचे काम इन्फोसिसकडे गेले, आणि २०१३ साली उरलेल्या मुख्य यंत्रणेचे सुमारे १,१०० कोटी रुपयांचे काम टीसीएसकडे गेले. डिसेंबर २०१७ मध्ये 'दर्पण' योजनेने सुमारे १ लाख २९ हजार शाखा टपाल कार्यालयांत हातातले यंत्र नेण्याचे काम हाती घेतले. रेल्वेत 'क्रिस' या रेल्वेच्याच संस्थेने वेतन आणि लेख्यांची 'आयपास' यंत्रणा आणली. ऑगस्ट २०२० मध्ये पासही संगणकावर गेला.

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. एके काळी आपल्या चळवळीने संगणकाला विरोध केला होता, आणि तो नोकऱ्यांच्या काळजीपोटी होता. आज तो वाद मागे पडला आहे. प्रश्न आहे तो शिकवण्याचा. कोट्यवधी रुपयांची यंत्रणा येते, पण ती शिकवण्यासाठी दोन दिवस, एक पडदा, इंग्रजीतल्या चित्रफिती आणि चाळीस माणसांना मिळून दहा यंत्रे! प्रशिक्षणार्थींच्या हजेरीपटावर सह्या झाल्या की कंत्राटदाराचे बिल पास. तिसऱ्या दिवशी खिडकीसमोर पेन्शनरांची रांग आणि खुर्चीवर आपला सहकारी. व्यवहार चुकला तर तो उलटा कसा फिरवायचा, हे त्याला कोणी दाखवलेले नसते, कारण पडद्यावरच्या व्यवहारात चूक कधी होतच नाही.

आणि चूक झाली की पैसे कोणाच्या खिशातून जातात? टपालात त्याला 'शॉर्टेज' म्हणतात, रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात 'डेबिट'. नाव वेगळे, खिसा एकच. त्यावर पुन्हा नियम १६ खाली आरोपपत्र आणि पगारातून वसुली. टपालाच्या बचत बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती पडताळायची अशी रीत आहे. ती पैशाच्या सुरक्षेसाठी आहे. पण माणसे कमी, रांग मोठी आणि पडताळणीचे महत्त्व नीट शिकवलेले नाही, तेव्हा एकाचा पासवर्ड दुसरा वापरतो. पुढे अफरातफर निघाली की ज्याचा पासवर्ड तो गुन्हेगार. शिकवणारा कंत्राटदार तोवर दुसऱ्या राज्यात दुसऱ्या खात्याला शिकवत असतो. करून गेले गाव आणि आमचे नाव, अशी ही गत!

ही भीती काल्पनिक नाही. इंग्लंडच्या टपाल खात्यात १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची यंत्रणा आली. ती फुजित्सू कंपनीची होती. यंत्रणा खिडकीवर नसलेली तूट दाखवू लागली आणि खाते आपल्याच पोस्टमास्तरांवर खटले भरू लागले. नऊशेहून अधिक जण दोषी ठरवले गेले. कोणी तुरुंगात गेले, कोणाची घरे विकली गेली, काहींनी जीव दिला. अपुरे प्रशिक्षण आणि मदतीसाठी फोन केला तर 'असे फक्त तुमच्याकडेच होते आहे' हे उत्तर, असे अनेकांनी पुढे चौकशीत सांगितले. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने यंत्रणेतच दोष असल्याचे मान्य केले, आणि २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. कॅनडात २०१६ साली सरकारी नोकरांच्या पगाराची 'फिनिक्स' यंत्रणा सुरू झाली. वेतनाचे काम जाणणाऱ्या शेकडो अनुभवी कर्मचाऱ्यांची पदे आधीच कमी केली होती, प्रायोगिक चाचणी रद्द केली होती. हजारो लोकांना चुकीचा पगार मिळाला, काहींना मिळालाच नाही. श्रीमंत देशांची ही कथा, तर आपली काय?

मग निविदेत कंत्राटदाराकडून आपले सरकार मागते काय? गेल्या तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, एखादे आयएसओ प्रमाणपत्र, अनामत आणि बँक हमी. या सर्व अटी कंपनीच्या तिजोरीविषयी आहेत. वर्गात उभा राहणारा माणूस कोण, त्याने कधी खिडकीवर रोख मोजली आहे का, त्याला मराठी येते का, हे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. शेवटी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. वास्तविक नियमांत वाट आहे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे सल्लासेवेच्या निविदेत गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत वजन देता येते. ऑक्टोबर २०२१ च्या अर्थ मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सल्लासेवा नसलेल्या कामातही, ते काम गुणवत्ताप्रधान ठरवले तर, ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येते. दार उघडे आहे, प्रशासनाला आत पाऊल टाकायचे नाही, इतकेच.

म्हणून आमची मागणी अशी आहे की हिशेबाच्या यंत्रणेचे प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक कंत्राटात पुढील अटी असल्याच पाहिजेत.

पहिली, प्रशिक्षकांची नावे आणि अनुभव निविदेतच द्यावा, आणि निविदेत दाखवलेला अनुभवी माणूस बदलून ऐनवेळी नवशिका पाठवता येऊ नये. निवृत्त पोस्टमास्तर, लेखापाल, बुकिंग सुपरवायझर यांना प्रशिक्षक म्हणून घेतल्यास जादा गुण द्यावेत.

दुसरी, शिकवणे आणि पुस्तिका दोन्ही त्या त्या राज्याच्या भाषेत. पेरुंगुडीला तमिळ, सोलापूरला मराठी. ग्रामीण डाकसेवकाला इंग्रजी पडद्यावरून हिशेब शिकवणे म्हणजे त्याला न शिकवणेच होय.

तिसरी, प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र आणि सरावासाठी खऱ्यासारखी पण खऱ्या खातेदारांची माहिती नसलेली यंत्रणा. चुका करून त्या दुरुस्त करायला शिकवणे हा अभ्यासक्रमाचा भाग असावा. प्रशिक्षणाचा काळ ड्यूटी मानावा आणि त्या दिवसांत जागेवर बदली माणूस द्यावा.

चौथी, बिलाचा मोठा हिस्सा हजेरीवर न देता तीन महिन्यांनंतर, कर्मचारी स्वतः काम करू शकतो की नाही हे पाहून द्यावा. यंत्रणा सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे प्रशिक्षक खिडकीशेजारी हजर हवा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, यंत्रणेतील प्रत्येक व्यवहाराची नोंद जतन व्हावी आणि आरोप झालेल्या कर्मचाऱ्याला ती मिळावी. ती तपासल्याशिवाय एक पैसाही वसूल करू नये.

सहावी, प्रशिक्षणाच्या साहित्यावर खात्याची मालकी असावी, म्हणजे दर वर्षी त्याच दारात जावे लागणार नाही.

आणि सातवी, कंत्राटदाराच्या प्रशिक्षकांना नियमाप्रमाणे पगार आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो की नाही, हे बिल देण्याआधी तपासावे. काचेच्या इमारतीतून बॅग घेऊन आपल्याकडे येणारी तरुण मुलेमुली आपले शत्रू नाहीत. तेही कामगारच आहेत, आणि अनेकदा आपल्यापेक्षा कच्च्या नोकरीवर आहेत.

प्रशासन म्हणेल की यामुळे खर्च वाढेल. वाढेल, हे आम्ही मान्य करतो. पण चुकीच्या हिशेबाचा, खटल्यांचा आणि खातेदारांच्या तुटलेल्या विश्वासाचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली टाकणार? दुसरे उत्तर असे येईल की आता कंत्राटदाराची गरजच उरली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये टपाल खात्याने मैसूरच्या आपल्याच केंद्राने तयार केलेली नवी यंत्रणा देशभर लागू केली, आणि ४ लाख ६० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना खात्यातल्याच प्रशिक्षकांच्या साखळीतून शिकवल्याचे सांगितले. आपल्या माणसांनी यंत्रणा लिहिली आणि आपल्या माणसांनी शिकवली, याचे आम्ही स्वागत करतो. आमची मागणी नेहमी हीच होती. परंतु साखळीतून शिकवताना वरच्याला पाच दिवस मिळाले तर शेवटच्याला पाच तास उरतात, हेही खरे आहे. म्हणून वरील अटी कंत्राटदाराइतक्याच खात्यालाही लागू व्हाव्यात. शिकवणारा कोणीही असो, खिडकीवरच्या माणसाला काम आले की नाही हीच एक कसोटी.

बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सही करण्यापूर्वी एवढे करा. काय शिकवले गेले आणि काय राहिले हे लेखी नोंदवा, त्याची प्रत शाखा सचिवांकडे द्या, आणि शाखांनी ती विभागीय बैठकीत मांडावी. उद्या कोणाच्या पगारातून वसुली निघाली, तर हाच कागद त्याच्या बाजूने उभा राहील. सही आपली आहे. ती फुकट देऊ नका.