खाज आहे म्हणून दुर्लक्ष?

निंदणीहून परतलेल्या खालाच्या पापण्या सुजलेल्या असतात. मानेवर, कोपराच्या खळगीत लाल चट्टे. मोहल्ल्याचं निदान तयार: नजर लागली. कुणी तावीज देतं, कुणी तिचा पेला वेगळा ठेवतं. मेडिकलवाला मलम देतो. खरं कारण शेताच्या बांधावर उभं असतं: गाजर गवत.

1950च्या दशकात पुण्यात नजरेत भरलेलं हे परदेशी तण देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिनची अनेकांना ॲलर्जी होते. वाळलेल्या गवताची धूळ हवेतूनही त्वचेला त्रास देते. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही, म्हणून पेला वेगळा ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे. एकदा ॲलर्जी जडली की थोडासा संपर्कही पुरतो. मनाने लावलेलं स्टेरॉइडचं मलम तर घातकच. तो चट्टा नायट्याचा असेल तर खाज थांबते आणि नायटा पसरतो.

1948च्या कारखाने अधिनियमात रसायनं आणि रंगांच्या संपर्कातून होणारा त्वचारोग नोंदवण्याजोग्या आजारांच्या यादीत आला. कामगाराला तो झाला तर डॉक्टरने कळवायचं. शेतमजूर बाईसाठी कोण कुणाला कळवतं? कारखान्यात जो आजार ठरतो, तो शेतात नशीब कसा ठरतो?

काही जण विचारतील, यात मुसलमानांचा काय संबंध? मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात आपली भूमिहीन कुटुंबं याच बांधांवर राबतात. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपण अभिमानाने सांगतो. त्याच मजुराच्या सोललेल्या त्वचेबद्दल मात्र आपले पुढारी गप्प. पोशाखावर तासभर भाषण, हातमोज्यांवर एक शब्द नाही. प्रश्न सगळ्याच मजुरांचा आहे, हे खरं. म्हणूनच तो दलित, आदिवासी, मराठा मजूर बायांच्या सोबतीने मांडला पाहिजे. आपण या गावचे नागरिक आहोत, हे सिद्ध करायला याहून चांगली जागा नाही.

दोस्तांनो, 1 मेच्या ग्रामसभेत उभे राहा. पहिल्या पावसानंतर, फुलं येण्याआधी गाजर गवत उपटण्याचा ठराव मागा. उपटणाऱ्यांना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे द्या, ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना हे काम देऊ नका, असं त्यात लिहून घ्या. शेतावर साबण-पाणी ठेवायला मालकाला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्वचेच्या तक्रारीसोबत रुग्णाचं कामही नोंदवायला लावा. आणि घरी गेल्यावर खालाचा पेला पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत ठेवा.