धाप, अशक्तपणा आणि रक्तातला एक आकडा

बाळंतिणीला धाप लागली की "अंगात रक्त कमी आहे, डिंकाचे लाडू खा" असे सांगून घरातील वडीलधारी माणसे मोकळी होतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु गरोदरपणाच्या अखेरीस किंवा प्रसूतीनंतर पाचेक महिन्यांच्या आत काही स्त्रियांच्या हृदयाचा स्नायूच दुबळा होतो. पाय सुजतात, रात्री उताणे झोपवत नाही. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी या विकाराच्याच जातकुळीतला हा आजार. डावी जवनिका बहुधा ताणून मोठी होते व तिचे आकुंचन मंदावते. निरोगी जवनिका दर ठोक्याला आपल्यातील ५५ ते ७० टक्के रक्त पुढे ढकलते. येथे ते प्रमाण ४५ च्या खाली उतरते.

असा ताणलेला स्नायू रक्तात एक द्रव्य सोडतो : बीएनपी. १९८८ साली जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून नावात 'ब्रेन' आला. ते मुख्यतः हृदयातच तयार होते हे पुढे कळले, तरी नाव राहिलेच. (शास्त्रज्ञही रूढी सोडत नाहीत!) त्याचा जोडीदार एनटी-प्रोबीएनपी. धाप हळूहळू वाढत आलेल्या रुग्णात तो मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमहून कमी असेल, तर हृदय थकल्याची शक्यता फार थोडी.

माझ्या मते ही तपासणी शहरी चेकअपच्या यादीत शोभेसाठी ठेवण्यापेक्षा, इको काढणारा डॉक्टर जेथे रोज मिळत नाही त्या तालुक्याच्या दवाखान्यात हवी. निरोगी बाळंतपणात हा आकडा फारसा चढत नाही, त्यामुळे तेथे तो विशेष बोलका ठरतो.

मात्र आकड्याची पूजाही नको. वय झाले, मूत्रपिंड बिघडले की तो वाढतो. लठ्ठ माणसात कमी दिसतो. अमेरिका व कॅनडातील ८९४ रुग्णांवरील गाइड-इट चाचणीत एनटी-प्रोबीएनपी उतरवण्याचे लक्ष्य ठेवून औषधे दिली गेली. नेहमीच्या उपचारांहून अधिक लाभ दिसला नाही, हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. हा आकडा संशय पक्का करतो. जवनिका किती आकुंचन पावते हे इकोच दाखवतो.

आणि खरी अडचण तेथेच आहे. तान्हे मूल काखेत घेऊन जिल्ह्याच्या गावी कोणी जायचे, हा प्रश्न त्याच संध्याकाळी घरात निघतो. चढलेल्या आकड्याच्या कागदावरच इकोची तारीख आणि जाण्यायेण्याच्या गाडीची सोय दवाखान्याने लिहून दिली पाहिजे.