काचीगुड्याचा समुद्र

हैदराबादच्या निजामाला समुद्र हवा होता. एवढं मोठं संस्थान, पण चहूबाजूंनी जमीनच जमीन. 1947 च्या सुमारास मीर उस्मान अली खानानं पोर्तुगिजांकडून गोव्याचं मुरगाव बंदर पदरात पडतं का, याची बरीच खटपट करून पाहिली. ते काही जमलं नाही. हल्ली हैदराबादच्या काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार भागातली मराठी कुटुंबं दिवाळीची सुटी लागली की गोवा-मालवणची तिकिटं काढतात आणि निजामाची हौस आपल्या खर्चानं भागवून येतात.

समुद्र नसलेल्या याच शहरात देशाच्या समुद्राचा अंदाज मात्र तयार होतो. प्रगतीनगरला ‘इन्कॉइस’, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. लाटांची उंची, वारा, प्रवाह, मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे याची माहिती, आणि 2007 पासून त्सुनामीचा इशाराही तिथून निघतो. लहान नौका उलटण्याचा धोका किती, हे सांगणारी वेगळी सेवासुद्धा आहे. कोकणातला मच्छीमार ज्या अंदाजावर होडी काढायची की नाही ते ठरवतो, तो हैदराबादेतून आलेला असतो. आणि हैदराबादचा पाहुणा? तो तारकर्लीच्या वाळूत उतरल्या उतरल्या विचारतो, “भाऊ, स्कूबा कितीला?”

भाव विचारायला हरकत नाही. पण आज उंच लाटांचा इशारा आहे का, बोटीत माणसं किती बसवणार आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाला आहे का, हे प्रश्न त्याआधीचे. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. मे म्हणजे पाऊस उंबरठ्यावर आलेला, वारा फिरलेला. शाळांच्या सुट्या मात्र नेमक्या तेव्हाच असतात. पाणी निवळशंख असतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, म्हणजे जमल्यास दिवाळीची सुटीच बरी.

मालवणला ‘स्कूबा’ म्हणून जे बहुतेकांना मिळतं, ते पंढरपूरच्या मुखदर्शनासारखं असतं. दर्शन होतं, पण मागे रांग उभी असते. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक धरून काही मीटर खाली नेतो, फोटो काढतो, वर आणतो. यात कमीपणा काही नाही, फक्त दोन-तीन गोष्टी नीट ऐकून घ्याव्यात. पाण्याखाली 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून हवा हलकेच कानांकडे ढकलली की ते सुटतात. सर्दी असेल तर हवा जात नाही, तेव्हा त्या दिवशी किनाऱ्यावर बसून सोलकढी प्यावी. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, विशेषतः वर येताना. तिसरी गोष्ट हैदराबादकरांसाठी खास: सकाळी डुबकी आणि दुपारी गोव्यातल्या मोपाहून विमान, असा बेत आखू नये. एका साध्या डुबकीनंतर किमान 12 तास, अनेक डुबक्यांनंतर 18 तास विमानात बसू नये, असा या क्षेत्रातला संकेत आहे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. ज्यांना मुखदर्शनानं समाधान होत नाही, त्यांच्यासाठी तारकर्लीतच पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. तिथे तलावात सराव करून रीतसर शिकता येतं.

मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, आणि त्यांच्यावर पाय रोवून फोटो काढणारेही आहेत. मासे कॅमेऱ्यासमोर यावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करण्याची खोड तर फारच पसरली आहे. बेकरीचा पाव खाणारा मासा बघायला काचीगुड्याहून इतक्या दूर जावं कशाला?

डॉल्फिनच्या फेऱ्यांचंही तेच. कोकणात किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुधा हंपबॅक जातीचे. पाठ दिसली रे दिसली की चार बोटी तिकडे धावतात, आणि डॉल्फिन बुडी मारून भलतीकडे निघतो. इंजिन बंद करून गप्प राहणारा नाखवा भेटला तर त्याला चार पैसे जास्त द्यावेत.

गुडघाभर पाण्यात खेळणाऱ्यांनी पाकटाची आठवण ठेवावी. सप्टेंबर 2013 मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकटांनी अनेकांच्या पायांना दंश केले होते. हा मासा वाळूत चपटा पडून असतो, म्हणून पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चालावं. त्याला चाहूल लागते आणि तो निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून थेट डॉक्टर गाठावा.

पण एकच सहल करायची असेल, तर ती वेळासची करावी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पिल्लं 45 ते 60 दिवसांत बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. पाहुणे गावातल्याच घरांत राहतात, मोदक खातात. कधीकधी एकही पिल्लू न बघता परततात, कारण घरटं कधी फुटेल हे कुणाच्या हातात नसतं. ही कासवं दोन्ही किनाऱ्यांची. गुहागरहून ट्रान्समीटर लावून सोडलेली ‘बागेश्री’ 2023 मध्ये श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. उलट 2021 मध्ये ओडिशात ‘03233’ क्रमांकाची पट्टी लावलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली.

अशी कासवं जाळ्यात अडकतात तेव्हा मच्छीमारापुढे पेच पडतो. संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापलं, तर डिसेंबर 2018 पासून राज्य सरकार 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं; फोटोचा पुरावा लागतो. हे सगळं कळायचं तर बोटीच्या तिकिटापेक्षा पहाटेची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बरी. मालवणच्या किनाऱ्यावर ती ओढताना दोराला हात लावायला पाहुण्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. जाळं वाळूवर आलं की बांगडा, तारली, खेकडे, एखादं पाकट असं सगळं एका जागी बघायला मिळतं, नावं सांगायला अख्खं गाव असतं, आणि मनापासून ओढलेलं दिसलं तर वाट्याचे दोन-चार बांगडेही हातावर पडतात.